वाड्याची मोजणी

भाई आधी दरवाज्यालाच हात घालतात. टेप अजून खिशातच आहे. तळव्यानं फळी थोपटतात, एका कोपऱ्यात नखानं खरवडतात आणि बोट नाकाशी नेतात. "सागवान. तेल आहे अजून ह्याच्यात." पोऱ्या वहीत लिहून घेतो : मोठा दरवाजा एक, फळ्या दोन, एकीत दिंडी. अण्णा किल्ल्यांचा जुडगा घेऊन उंबऱ्याच्या आत उभे आहेत. त्यांना हे लवकर उरकायचंय, तोंडावर दिसतंय. भाईंना घाई नाही.

अंबाजोगाईतली मंगळवार पेठ, सकाळचे साडेनऊ. भाई जुन्या लाकडाचे व्यापारी. मराठवाड्यात कुठं वाडा उतरवायचं ठरलं की त्यांना फोन येतो. ते येतात, लाकूड मोजतात, घनफुटाचा भाव सांगतात. जमलं तर आपलीच माणसं लावून वाडा उतरवूनही नेतात. अण्णा माझ्या वडिलांच्या ओळखीचे, निवृत्त मास्तर. म्हणून मला मोजणीच्या मागं मागं फिरायची मुभा आहे. वाडा कोणाचा ते लिहीत नाही. व्यवहार घरातला आहे आणि अजून व्हायचा आहे.

दरवाज्यातून आत आलं की ढाळज. दोन्ही हातांना कमरेएवढे दगडी ओटे. एकावर कधीकाळी हिशेबाच्या वह्या घेऊन कारकून बसायचा, आता तिथं शिलाई मशीन आहे आणि खुंट्यांना ब्लाऊजपिसांच्या पिशव्या लोंबतायत. मशीनवरच्या ताई पाय न थांबवता आमच्याकडं बघतात. भाई दरवाज्याच्या मागं वाकतात आणि भिंतीतल्या चौकोनी भोकात खांद्यापर्यंत हात घालतात. आत काहीतरी हलतं. पोऱ्या मदतीला येतो. दोघं मिळून ओढतात तसा भिंतीच्या पोटातून एक तासलेला वासा कुरकुरत बाहेर यायला लागतो, धुरळा आणि पालीच्या अंड्यांची टरफलं घेऊन. अडसर. एवढा लांब की समोरच्या भिंतीतल्या भोकात जाऊन बसतो आणि बाहेरून हत्तीनं धडक दिली तरी दरवाजा उघडू नये.

मशीन थांबतं. "तीस वर्षं झाली हितं बसायले," ताई म्हणतात, "ह्याच्यात लाकूड हाय हे आज कळालं."

"रझाकारांच्या टायमाला लावायचे म्हणे," अण्णा सांगतात. "मी पण पहिल्यांदाच बघायलोय."

पोऱ्या वहीत लिहितो : अडसर एक.

वाड्यात आज सहा बिऱ्हाडं आहेत. मूळ एका कुटुंबाचा वाडा, पुढं भावाभावांत वाटला गेला आणि त्यानंतर खोली-खोलीनं भाड्यानं लागला. अंबाजोगाईत हे व्हायचंच होतं. निजामाच्या राज्यात ह्या गावाचं नाव मोमिनाबाद, घोडदळाची छावणी असलेलं ठाणं. १९३० च्या दशकात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा इकडं आली, तिचं योगेश्वरी नूतन विद्यालय झालं, स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक. मग कॉलेजं, मग वैद्यकीय महाविद्यालय. शिकायला येणाऱ्या पोरांना आणि बदलून येणाऱ्या मास्तर-कारकुनांना खोल्या लागत होत्या, आणि वाडेवाल्यांच्या पोरांना पुणं-मुंबई दिसायला लागली होती. पेठेतले वाडे असे आपोआप भाड्याच्या बिऱ्हाडांनी भरत गेले. मुंबईत गिरण्यांसाठी मुद्दाम चाळी बांधल्या, इकडं वाड्यांच्याच चाळी झाल्या.

भाडेकऱ्यांचा कायदाही इथला वेगळा होता. मुंबई-पुण्याला १९४७ चा मुंबईचा कायदा. मराठवाड्याला मात्र हैदराबादचा १९५४ चा, आणि तो संयुक्त महाराष्ट्र झाल्यावरही चालू राहिला. ३१ मार्च २००० ला सगळ्या राज्याला एकच कायदा लागू झाला. अण्णांचे एक भाडेकरू त्या हैदराबादी कायद्याच्या काळापासूनचे आहेत. पलीकडच्या सोप्यात पेपर वाचत बसलेत. मोजणी चाललीय हे त्यांना दिसतंय. ते पेपरातून मान वर करत नाहीत.

चौकात ऊन आलंय. दगडी फरशी, मधे तुळशीवृंदावन, आणि त्याच्याभोवती निळ्या प्लास्टिकच्या पिंपांची दाटी. प्रत्येक पिंपावर ऑइलपेंटनं आडनावाचं आद्याक्षर. गावाला पाणी मांजरा धरणाचं, धनेगावहून येतं, आणि रोज येत नाही. २०१६ साली मांजरा कोरडं पडलं आणि लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते देशभर गाजलं. त्याच धरणावरच्या ह्या गावाची बातमी एवढी झाली नाही, पण पिंपं तेव्हापासून चौकातून हललेली नाहीत. कोपऱ्यात आड आहे, लोखंडी जाळी टाकून बंद केलेला. त्यातून एक मोटारीचा पाइप वर आलाय आणि चौघांच्या खोल्यांकडं फुटलाय.

भाई आडाकडं बघत नाहीत. त्यात लाकूड नाही.

सोप्यात मात्र ते रेंगाळतात. पाच खणांचा सोपा. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण; इथं घराचा मोठेपणा चौरस फुटांत कोणी सांगत नसे, किती खणांचं ते सांगत. दगडी तळखड्यावर खांब, खाली चौकोनी, वर अठपैलू, माथ्याला पानं कोरलेली कणी, कणीवर तुळई, तुळईवर सर, सरांवर दाटीनं बसवलेल्या किलचा. त्याच्या वर पाला आणि पाल्यावर माती. भाई पोऱ्याला खांबाच्या माथ्याशी बॅटरी धरायला सांगतात आणि मला जवळ बोलावतात. "बघा. खिळा दिसतो का?"

दिसत नाही. तुळईच्या टोकाला काढलेलं कुसू दुसरीच्या भोकात बसलंय, आरपार एक लाकडी खुंटी मारलीय. सांध्यात वहीचं पान जात नाही. धुरानं आणि तेलानं लाकूड काळं झालंय, पण भाईंनी खरवडलं तिथं आतून मधाचा रंग निघतो.

"आम्ही वाडा उतरवतो ना," भाई म्हणतात, "तर आधी वरची माती काढतो. मग भिंती. लाकूड सगळ्यात शेवटी. भिंती काढल्यावर पण हे उभंच असतं. पोरं म्हणतात, भाई, हे पडंना."

हे वाक्य मी लिहून घेतो. वर गेल्यावर त्याचा अर्थ लागतो.

त्याआधी न्हाणीचा प्रकार. सोप्याच्या मागच्या अंगाला भाडेकऱ्यांसाठी केव्हातरी दोन न्हाण्या काढल्या. फरशी घातली, भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. मातीत रचलेल्या भिंतीला सिमेंट लावलं की आतलं पाणी आतच कोंडतं. बाहेरून भिंत चकचकीत आणि आतून चिखल. भाई न्हाणीला लागून असलेल्या खांबाच्या बुडाशी टोकदार स्क्रूड्रायव्हर टेकवतात. जरा दाबताच तो मुठीपर्यंत आत जातो. बाहेर काढतात तर टोकाला ओला भुसा आणि दोन वाळव्या.

"हा गेला," पोऱ्याला म्हणतात. "शेजारचा पण अर्धा धर."

मोजणी संपेपर्यंत असे दोनच खांब निघतात. दोन्ही न्हाणीला लागून.

जिना भिंतीच्या जाडीत आहे. भिंतच दोन हात रुंद, तिच्या पोटात दगडी पायऱ्या, गुडघ्याएवढ्या उंच, आणि धरायला एक दोरखंड. "बघून पाय टाका," अण्णा खालून सांगतात. ते वर येत नाहीत, गुडघे दुखतात. अर्ध्या वाटेवर कोनाड्यात पणतीची काजळी आहे, आणि कोनाड्याच्या वरून विजेची वायर गेलीय. वर माडीच्या तोंडाशी जमिनीत एक लाकडी झाकण. भाई उचलतात : खाली अंधार. बळद. दोन भिंतींमधली पोकळी, वरून ज्वारी ओतायची आणि खालच्या खोलीत भोकाचा बोळा काढून लागंल तशी घ्यायची. आत आता परीक्षेचे जुने पेपर, फुटकी कुंडी आणि एक क्रिकेटची बॅट.

माडीवर एक पोरगा राहतो. धारूर तालुक्यातला, भरतीची तयारी करतोय. लोखंडी कॉट, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, खिडकीत वाळत घातलेले बूट. आम्ही आत शिरतो तसा तो उठून उभा राहतो आणि कॉटवरची चादर नीट करतो. भाई त्याच्या डोक्यावरची तुळई मोजायला लागतात. पोरगा टेपचं टोक धरतो. आपण झोपतो त्या छताची मोजणी चाललीय हे त्याला माहीत आहे.

"वाडा उतरवल्यावर कुठं जाशील?" मी विचारतो.

"बघू की. स्लॅबच्या खोलीला भाडं लई हाय. आन् गरम बी होतं तिच्यात." थोड्या वेळानं स्वतःहून सांगतो, "दसरा झाला की आई-दादा कारखान्याला जातेत. मंग गावाकडं कुलूपच असतं. मी हितंच असतो उन्हाळ्यापस्तोर."

बीड जिल्ह्यात ह्यावर जास्त सांगावं लागत नाही. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडात ऊस संपेस्तोवर मुक्काम. ह्या पोराचं वर्षातले पाच-सहा महिने एकमेव घर म्हणजे ही माडी. ते वहीत 'तुळई, बारा फूट, चांगली' असं नोंदलं जातंय.

माळवदावर, म्हणजे मातीच्या छतावर, जायला लाकडी शिडी. वर आलं की एकदम उजेड, आणि पाऊस नुकताच उघडलेला असल्यानं पायाखाली गवत. मराठवाड्यात घरावर गवत उगवतं. शेजारी सगळीकडं स्लॅब झालेत, काळ्या टाक्या, मोबाइलचे टॉवर. त्यांच्यामधून योगेश्वरीच्या देवळाचं शिखर. माळवदाच्या मधे साणं आहे, खालच्या स्वयंपाकघरात उजेड जायला आणि धूर निघायला ठेवलेलं भोक. आता त्यावर फायबरचा पत्रा टाकून दगड ठेवलेत.

मागच्या कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वीच्या पावसात भिंत ढासळली. ती जागा मला दाखवायची असं अण्णांनी आधीच सांगून ठेवलंय, कारण त्यांच्या मते वाडा पाडायचं कारण तेच. भाई आणि मी तिथं उकिडवे बसतो. भिंतीचा छेद उघडा पडलाय आणि ती कशी बांधली ते स्वच्छ दिसतं : बाहेरच्या बाजूला दगडांची एक रांग, आतल्या बाजूला दुसरी, दोन्हींची तोंडं घडवलेली, आणि मधे नुसते गोटे आणि माती. ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा एकही लांब दगड नाही. दोन्ही रांगा एकमेकींना धरून नाहीत. पाणी मधे शिरलं, माती फुगली, बाहेरची रांग सुटून गल्लीत पडली.

किल्लारीच्या भूकंपात असंच झालं होतं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चार वाजायच्या आत. लातूर-उस्मानाबादेत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक झोपेत, आपल्याच घराच्या दगडमातीखाली. भिंती अशाच दुहेरी, मातीत रचलेल्या, आणि वर माळवद. मृगाच्या आधी दर साली पांढरीची माती टाकायची, जुनी काढायची नाही. पिढ्यान् पिढ्या थर चढत जातात आणि छत दीड-दोन फूट जाड होतं. उन्हाळ्यात त्याच्याखाली गार वाटतं. हादरा बसला की तेवढंच वजन अंगावर. लातूर इथून तासा-दीड तासावर. अण्णा सांगतात, त्या वर्षी सगळं कुटुंब दिवाळीपर्यंत चौकात झोपलं, भाडेकऱ्यांसकट. त्यानंतर मराठवाडाभर माणसं माळवदाला भ्यायला लागली. पत्र्याची घरं झाली, स्लॅब झाले, आणि ज्याला परवडलं त्यानं वाडा उतरवला. भाईंसारख्यांचा धंदाही वाढला, ते स्वतःच कबूल करतात.

पण ह्या ढासळलेल्या कोपऱ्यात आणखी एक गोष्ट आहे. भिंत पडली तिथं आत लपलेला खांब उघडा पडलाय. तो सरळ उभा आहे. त्याच्यावरची तुळई जागच्या जागी, तुळईवरचं छत जागच्या जागी. दोन पावसाळे त्या कोपऱ्याला भिंत नाही आणि छत सुतभरही खचलेलं नाही, कारण छताचा भार भिंतीवर कधी नव्हताच. किल्लारीच्या भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी हेच नोंदवलं : जिथं खणाचा लाकडी सांगाडा धड होता आणि सांधे पक्के होते, तिथं काही घरांच्या भिंती बाहेर कोसळल्या तरी छत खांबांवर उभं राहिलं. जिथं लाकूड कुजलेलं होतं किंवा छत थेट भिंतीवर टेकलेलं होतं, तिथं माणसं दबली. मघाशी भाई खाली जे म्हणाले ते हेच. त्यांना ते भूकंपातून कळलेलं नाही, वाडे पाडून पाडून कळलंय.

मला वाडा वाचवा म्हणून गळा काढायचा नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी इथं एक पावसाळा काढून दाखवावा. रात्री तीन ठिकाणी बादल्या लावायच्या, सहा बिऱ्हाडांत दोन संडास, आणि पहाटे पाणी आलं की मोटारीवरून भांडणं. अण्णांच्या घरातल्या काकू खालून चहाचे कप वर पाठवतात तेव्हा निरोपही पाठवतात, "त्यांना म्हणावं, चांगलं चांगलं लिहू नका, पाली पण लिहा."

खाली आल्यावर देवघर. भाई चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहतात, आतलं माप अण्णाच सांगतात. देव्हाऱ्याखाली एक पत्र्याची पेटी आहे. दरवाज्याची मालकी कागदावर कशी आहे असं भाई विचारतात, कारण त्यांचा जीव सकाळपासून दरवाज्यातच अडकलाय. अण्णा पेटी उघडतात. वर सात-बाराचे उतारे, नगरपालिकेच्या पावत्या; तळाशी कापडात गुंडाळलेला एक जाड कागद, घड्यांवर फाटलेला. उर्दूत. खाली तीन सह्या, मोडीत.

"आजोबांच्या वेळचा आहे. आमच्यात कोणाला वाचता येत नाही."

"द्या," भाई म्हणतात. ते सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकले. चष्मा लावतात, उंबऱ्यावर बसतात आणि बोट ठेवून वाचायला लागतात. कसबा मोमिनाबाद. सन १३३९ फसली. निजामाच्या दफ्तरातलं साल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतं, म्हणजे १९२९-३०. तीन भावांचं वाटणीपत्र. पूर्वेचे खण थोरल्याला, माडी मधल्याला, मागचा सोपा आणि गोठा धाकट्याला; धाकट्याला कमी आलं म्हणून थोरल्यानं तीनशे रुपये सिक्का हाली द्यायचे. हाली म्हणजे निजामाचा रुपया, सात हाली दिले की इंग्रजी हद्दीतले सहा कलदार मिळायचे. भाई अडखळत अडखळत शेवटच्या परिच्छेदाशी येतात आणि थांबतात. पुन्हा वाचतात. मग हसतात.

"अण्णा, दरवाजा तुमच्या एकट्याचा नाही. दरवाजा, ढाळज, आड आणि जिना, हे तिघांच्यात सामाईक लिहिलंय. कुणी एकट्यानं विकायचं नाही, मोडायचं नाही, आणि दुरुस्ती तिघांनी मिळून करायची."

अण्णा काही वेळ बोलत नाहीत. मधल्याचे वारस हैदराबादला, धाकट्याचे दोन घरांत विभागलेले, एक पुण्याला, एक परदेशात. पलीकडच्या सोप्यातल्या भाडेकऱ्यानं पेपर खाली ठेवलाय.

ह्याच गावात थोरल्या देवघरात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, त्यावर दासोपंतांनी स्वतः लिहिलेलं 'पंचीकरण'. दासोपंत १६१५ साली गेले. कापड चारशे वर्षं टिकलं, कारण दर पिढीत ते सांभाळणारं कोणीतरी होतं. ह्या वाड्याच्या वाटणीपत्रातही दुरुस्तीचं कलम आहे. वाड्यातल्या कोणी ते आजवर वाचलं नव्हतं एवढंच.

भाई कागद घडीवर घडी घालून परत देतात, टेप गुंडाळतात आणि बाकीच्या लाकडाचा भाव एका चिठ्ठीवर लिहून अण्णांच्या हातात ठेवतात. दरवाज्यापुढं रेघ मारलीय. जाता जाता अडसर पुन्हा भिंतीत ढकलून ठेवायला पोऱ्याला सांगतात.

माझं मत विचाराल तर ह्या वाड्यात बदलायला हवेत दोन खांब आणि उतरवायला हवी माळवदावरची फूट-दीड फूट माती. तिच्या जागी हलकं छप्पर, न्हाण्या लाकडापासून दूर, भिंतींना सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा, आणि ढासळलेला कोपरा रचताना ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत लांब दगड. मी अभियंता नाही. हे सगळं जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यायला हवं. पण तुमच्या नावावर बीड, लातूर, परभणीकडं असा वाडा असेल, तर लाकडाचा भाव मागवण्याआधी दोन कामं करा. सांगाडा तपासायला लाकूड समजणारा माणूस वर चढवा, आणि पेटीतला उर्दू किंवा मोडी कागद कोणाकडून तरी वाचून घ्या. उर्दू वाचणारी माणसं पेठेत आजही आहेत, मोडी वाचणारी कमी होत चाललीत.